मी वाचले, मी खेळले: फावल्या वेळातले व्याकरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही 24 वर्षांच्या आहात, दिवसभर हिशेबाचे काम करता, आणि संध्याकाळी हाती लागणारे दोन-अडीच तास वाचन, संगणकावरचे खेळ आणि शाळेपासून लागलेली मराठी व्याकरणाची गोडी यांत वाटले जातात. घरच्यांच्या मते यांतली पहिली गोष्ट चांगली, दुसरी वाईट आणि तिसरी निरुपयोगी आहे. मैत्रिणी तुम्हाला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. यांतले काही सोडावे का, आणि कोणतीही परीक्षा द्यायची नसताना व्याकरण नेमके कसे शिकावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी 27 वर्षे मुद्रितशोधन आणि भाषासंपादन करते आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये नीट करून झाल्यावर रात्री जेवणानंतर तासभर संगणकावर खेळते. तेव्हा हे उत्तर तिऱ्हाइताचे नाही. काहीही सोडू नका, असे माझे मत आहे. मात्र तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. व्याकरणाच्या आवडीची म्हणून तुम्ही जी उदाहरणे दिली आहेत, म्हणजे दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि कार्यालयातल्या गटावर येणारे निरोप, ती एकूण एक ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांची आहेत. रस्त्यावर ‘गतीरोधक’ असे लिहिलेले दिसले की तुम्ही अस्वस्थ होता. मीही होते, पण मला त्याचे पैसे मिळतात. फावल्या वेळात हेच करत राहिलात तर तुमची ही आवड चार-पाच वर्षांत आंबून जाईल. या व्यवसायात अशी आंबलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

शुद्धलेखन आणि व्याकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत; शाळेने त्या एकाच तासात कोंबल्यामुळे बहुतेकांना त्या एकच वाटतात. लेखनाचे नियम ही माणसांनी एकत्र बसून ठरवलेली व्यवस्था आहे. आज आपण पाळतो त्या नियमांपैकी मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. ‘बुद्धी’ दीर्घ पण ‘बुद्धिबळ’ ऱ्हस्व, ‘गती’ दीर्घ पण ‘गतिरोधक’ ऱ्हस्व, हे त्या व्यवस्थेचे निर्णय आहेत. ते वेगळे असते तरी मराठी भाषा तीच राहिली असती. व्याकरण मात्र कोणत्याही समितीने केलेले नाही. शाळेचे तोंडही न पाहिलेले लहान मूल ‘घोडा’चे ‘घोड्यावर’ आणि ‘भाऊ’चे ‘भावाला’ बिनचूक करते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये आणि मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये आपापली व्याकरणे प्रसिद्ध केली, ती मुख्यतः लोकांच्या तोंडात आधीपासून असलेले हे नियम शोधून काढण्यासाठी. दामल्यांचा ग्रंथ मिळाला तर अवश्य चाळा. आधीच्या व्याकरणकारांचे म्हणणे मांडून, ते का पटत नाही हे सांगत ते पुढे जातात, आणि वाचता वाचता आपणही त्या भांडणात ओढले जातो. परीक्षेच्या पुस्तकांत हे भांडण गाळून नुसता निकाल छापलेला असतो, म्हणून ती पुस्तके कोरडी वाटतात. त्यांचा दोष नाही. त्यांचे काम निराळे आहे.

तुमच्या तिन्ही छंदांत सामावलेला एक प्रश्न घेते, म्हणजे मी काय म्हणते ते उलगडेल. ‘मी पुस्तक वाचले’ आणि ‘मी क्रिकेट खेळले’ ही दोन वाक्ये तुम्ही, एक स्त्री म्हणून, लिहिली आहेत असे समजा. दोन्हींच्या शेवटी ‘-ले’ आहे. ते एकच ‘-ले’ आहे का? कर्म बदलून पाहा. पुस्तकाऐवजी पोथी घेतली की ‘मी पोथी वाचली’ असे होते आणि ग्रंथ घेतला की ‘मी ग्रंथ वाचला’. म्हणजे क्रियापद वाचणारीकडे ढुंकूनही पाहत नाही, ते पोथीच्या आणि ग्रंथाच्या लिंगामागे जाते. क्रिकेटऐवजी लगोरी घेतली तर मात्र ‘मी लगोरी खेळले’ हेच राहते, आणि तुमचा भाऊ ‘मी लगोरी खेळलो’ म्हणतो. इथे क्रियापदाला लगोरीशी कर्तव्य नाही, ते खेळणारीच्या किंवा खेळणाऱ्याच्या मागे जाते. पहिला कर्मणी प्रयोग, दुसरा कर्तरी. दोन्ही धातू सकर्मक आहेत आणि काळही तोच आहे, तरी वाचताना क्रियापद पुस्तकाचे होते आणि खेळताना आपले.

यातून ‘वाचन माणसाला विसरायला लावते आणि खेळ माणसाला मध्यभागी ठेवतो’ असे काही तत्त्वज्ञान काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पुढची उदाहरणे घेतली की ते कोसळते. भूतकाळातही कर्तरी राहणाऱ्या सकर्मक धातूंचा एक लहानसा गटच मराठीत आहे: ‘मी धडा शिकले’, ‘मी नाव विसरले’, ‘ती त्याला भेटली’, ‘ती खरे बोलली’. ‘म्हणणे’ तर दोन्हींकडे पाय ठेवून उभे आहे. ‘तो म्हणाला’ हे कर्तरी, पण ‘त्याने कविता म्हटली’ हे कर्मणी, आणि प्रयोगाबरोबर अर्थही सांगण्याकडून पाठ म्हणण्याकडे सरकतो. ‘खेळणे’सुद्धा पूर्ण स्थिर नाही. ‘तो क्रिकेट खेळला’ असे आपण म्हणतो, आणि क्रीडापानांवर ‘त्याने आक्रमक खेळी खेळली’ असेही वाचतो. ‘जिंकणे’ आणखी मजेदार आहे. ‘भारत जिंकला’, पण सामना हे कर्म आले की ‘भारताने सामना जिंकला’. पुन्हा ‘आम्ही सामना जिंकलो’ आणि ‘आम्ही सामना जिंकला’ ही दोन्ही वाक्ये कानावर पडतात, आणि ‘आम्ही’ला ‘ने’ दिसतच नसल्यामुळे प्रयोग ओळखायला फक्त क्रियापद उरते. कर्म एक सामना असो वा दहा, कोणता बोलणारा कोणते रूप निवडतो आणि का, हे टिपायला लागा. ही खरी व्याकरणाची आवड आहे, आणि तिला कोणाची चूक लागत नाही.

द्वितीय पुरुषात याहून गंमत आहे. ‘तू पोथी वाचलीस’ या वाक्यातल्या ‘वाचलीस’चे दोन तुकडे करा: ‘-ली’ पोथीची आहे आणि ‘-स’ तुझा आहे. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघेही आपापली मोहोर उमटवतात, म्हणून आपल्या व्याकरणकारांनी त्याला कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव दिले. शाळेत हे नाव मला एखाद्या रोगाचे वाटायचे.

माझ्या घरातला एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. एका रात्री खेळातल्या एका अवघड पुलावरून माझे पात्र कसेबसे पलीकडे गेले आणि मी मोठ्याने ‘वाचले!’ म्हणाले. शेजारच्या खोलीतून यजमानांनी विचारले, ‘काय वाचलंस?’ जिवंत राहणे आणि अक्षरे उलगडणे या दोन्हींसाठी मराठीत दिसायला एकच धातू आहे, पण त्यांचे वागणे निरनिराळे आहे. जीव वाचतो तेव्हा धातू अकर्मक असतो, म्हणून ‘तो वाचला’, ‘ती वाचली’. पुस्तक वाचायचे असेल तर ‘त्याने’ आणि ‘तिने’ लागते. पुरुष बोलत असेल तर ‘मी वाचलो’ आणि ‘मी वाचले’ यांत गोंधळ होत नाही. स्त्री लिहीत असेल तर प्रमाण लेखनात दोन्ही ‘मी वाचले’ असेच उरते. बोलताना अनेक जणी वाचनासाठी ‘वाचलं’ आणि सुटकेसाठी ‘वाचले’ म्हणतात, तेवढा फरक कान पकडतो. आमच्या यजमानांचा कान त्या दिवशी बातम्यांकडे होता.

आता वाचनाबद्दल. तुम्ही कादंबऱ्या वाचता आणि व्याकरणासाठी वेगळा वेळ काढावा लागेल असे समजता. तसे करू नका. फक्त वाचनात अधूनमधून एखादे जुने पुस्तक येऊ द्या. 1962 च्या आधी छापलेले पुस्तक उघडले की अक्षरांच्या डोक्यावर अनुस्वारांचा पाऊस दिसतो: ‘तें’, ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘त्यानें’. पुढे उच्चारात नसलेले हे अनुस्वार नियमाने गेले, आणि मुद्रितशोधक म्हणून मी त्या निर्णयाची ऋणी आहे; पण ते शोभेसाठी नव्हते. ‘तें पुस्तक’ यातला अनुस्वार नपुंसकलिंग दाखवत होता आणि ‘ते लोक’ याला तो नव्हता. ‘घरीं’ सप्तमीची होती, ‘त्यानें’ तृतीयेची. आज आपण जे संदर्भावरून ओळखतो ते तेव्हा डोळ्यांना दिसत होते. अशा पुस्तकाची दहा पाने घेऊन प्रत्येक अनुस्वार कशासाठी आहे हे स्वतः ठरवत गेलात, तर लिंग आणि विभक्ती यांचा जो अभ्यास होतो तो कोणत्याही सरावपुस्तकाने होत नाही. त्याहून मागे जायची हौस असेल तर ज्ञानेश्वरी आहेच. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 ची ही भाषा. तिथे ‘अर्जुन’ नव्हे, ‘अर्जुनु’ भेटतो, आणि पुल्लिंगी प्रथमेचा तो उकार पुढे कुठे गेला हा विचार मनात घर करतो.

शब्दकोशही वाचायचाच असतो, केवळ पाहायचा नसतो. मोल्सवर्थचा 1857 चा सुधारलेला मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. सुरुवात तुमच्याच प्रश्नातल्या शब्दाने करा. ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत वावरतो: ‘वेळ गेला’ तेव्हा तो कालावधी असतो, ‘वेळ आली’ तेव्हा ती घटका असते. त्यामुळे फावला वेळ नेहमी पुल्लिंगी आणि जेवणाची वेळ नेहमी स्त्रीलिंगी. ‘फावला’ हे तर ‘फावणे’ या धातूचे रूप आहे, जो आता ‘त्याचे चांगलेच फावले’ अशा जरा संशयास्पद वाक्यांत उरला आहे. तुमच्या घरच्यांना तुमच्या फावल्या वेळाबद्दल जो संशय आहे, तो त्या धातूतच आहे म्हणायचा.

खेळांकडे येते. घरच्यांची तक्रार ज्या खेळांबद्दल आहे त्यांना मी दोन गटांत टाकते: ज्यांना शेवट आहे ते आणि ज्यांना नाही ते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान, अशी रचना असलेला खेळ कधीच संपत नाही, कारण तो संपू नये हाच त्याच्या कर्त्यांचा हेतू असतो. असल्या एका खेळात माझा एक अख्खा पावसाळा गेला. त्या चार महिन्यांत मी किती पुस्तके वाचली ते सांगायची लाज वाटते, आणि खेळातले काय आठवते असे विचारले तर तेही सांगता येत नाही. शेवट असलेला खेळ, मग तो चाळीस तासांचा का असेना, कादंबरीसारखा असतो; तो संपतो आणि संपल्यावर त्याच्याबद्दल बोलता येते.

व्याकरणाची आवड असणाऱ्या माणसाने खेळावाच असा खेळ म्हणजे फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा, 2019 मध्ये आलेला ‘बाबा इज यू’. त्यात पटावर शब्दांचे ठोकळे पडलेले असतात आणि ठोकळ्यांची वाक्ये हेच त्या जगाचे नियम असतात. ‘वॉल इज स्टॉप’ असे तीन ठोकळे ओळीत आहेत तोवर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून ओळ मोडली की भिंतीतून आरपार जाता येते. ‘फ्लॅग इज विन’ म्हणजे झेंड्याला शिवले की जिंकलात, आणि झेंडा पोहोचण्यासारखा नसेल तर ‘फ्लॅग’च्या जागी दुसरे नाम आणून बसवायचे. नियम हा पाळण्यापुरता नसतो, त्याचे सुटे भाग असतात आणि ते सरकवून काय होते ते पाहता येते, ही दृष्टी मला या खेळाने जितकी दिली तितकी कोणत्याही वर्गाने दिली नाही. हा खेळ मराठीत करायचा तर काय होईल, यावर मी बऱ्याच रात्री घालवल्या आहेत. इंग्रजीत मधला ‘इज’ सगळ्यांना चालतो. मराठीत ‘भिंत अडवते’ पण ‘दगड अडवतो’. नाम बदलले की क्रियापदाचा ठोकळाही बदलावा लागणार. ‘भिंत म्हणजे अडथळा’ असे केले तर सुटका होते, कारण ‘म्हणजे’ला लिंगवचनाचे सोयरसुतक नाही. हा शोध लागला तेव्हा मला जो आनंद झाला, तो घरात कोणाला समजावून सांगता आला नाही. संस्कृत वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा उत्सव वाटतो असे जुने वचन आहे, ते त्या दिवशी पटले.

दुसरा खेळ 2023 मधला ‘चँट्स ऑफ सेनार’. एका उंच मनोऱ्यात मजल्यामजल्यावर वेगवेगळे लोक राहतात, त्यांच्या लिप्या आणि भाषा वेगळ्या, आणि आपल्याला त्यांतले काहीच येत नसते. फलक, हावभाव आणि चित्रे पाहून चिन्हांचे अर्थ वहीत अंदाजाने लिहीत जायचे. अनेकवचन करण्याची रीत सगळीकडे सारखी नसते, शब्दांचा क्रमही बदलतो, आणि एका भाषेत बसलेली सवय दुसऱ्या भाषेत गोत्यात आणते. लिपी न येणाऱ्या मुलखात जाऊन तिथल्या बोलीचे व्याकरण लिहिणाऱ्या माणसाला काय वाटत असेल याची थोडी चव या खेळात मिळते.

संगणकावरचे खेळ आणि व्याकरण यांचे नाते मुळात जुने आहे. 1976 मध्ये विल क्राउदर यांनी लिहिलेला आणि पुढल्या वर्षी डॉन वुड्स यांनी वाढवलेला गुहेचा प्रसिद्ध खेळ चित्रांशिवाय, केवळ अक्षरांवर चालत असे. खेळणाऱ्याने फार तर दोन शब्दांची आज्ञा लिहायची, बहुधा एक क्रियापद आणि एक नाम, आणि यंत्र प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरे पाहून तो ओळखायचे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झालेला ‘झॉर्क’ हा खेळ याहून लांब वाक्ये समजून घेऊ लागला. मराठीत असा खेळ लिहून पाहणे हा तुमच्यासारखीला सुचवण्याजोगा सर्वांत चांगला उद्योग आहे. ट्वाइन हे मोफत साधन घेऊन, दुवे दाबत पुढे जाणारी गोष्ट आठवड्याभरात मराठीत उभी करता येते. खरी मजा मात्र यंत्राला मराठी आज्ञा समजावण्यात आहे, आणि संगणकाला आज्ञा देण्याची पायथन ही भाषा तुम्हाला थोडी येते असे तुम्ही लिहिले आहे. ‘पेटी उघड’ सोपे आहे. ‘पेटीतला कागद वाच’ म्हटले की ‘पेटीतला’मधून पेटी वेगळी काढावी लागते. ‘फुलाला हात लाव’ म्हटले की पहिली अक्षरे पाहण्याची इंग्रजी युक्ती दुसऱ्याच चिन्हावर आपटते, कारण ‘फूल’चा दीर्घ ऊकार सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जे रूप घेतो त्यात, ऱ्हस्व झालेला असतो. तीच गत ‘सून’ आणि ‘सुनेला’, ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’ यांची. मग तुम्ही नियम लिहाल की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ स्वर प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व करावा, आणि लगेच ‘शरीर’ आडवे येईल, कारण ‘शरीराला’ दीर्घच राहते. तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. आता यंत्राला प्रत्येक शब्दाचे कूळ सांगावे लागेल. शाळेत तत्सम आणि तद्भव यांच्या याद्या पाठ करताना त्यांचा उपयोग काय हे कोणी सांगितले नव्हते; तो हा.

दोन नियम एकाच जागी लागू पडले तर कोणता चालवायचा, हा प्रश्नही तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत बांधताना याच प्रश्नासाठी ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’, म्हणजे नियमांच्या झगड्यात ‘पर’ असेल ते करावे, असे सूत्र ठेवले, आणि त्यातल्या ‘पर’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा यावर आजही वाद आहे. 2022 मध्ये केंब्रिजमधल्या ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधामुळे तो वर्तमानपत्रांतही पोहोचला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमावलीतल्या एका शब्दावर लोक अजून भांडतात, हे ज्याला रटाळ वाटते त्याला वाटू द्यावे.

खेळताना तुम्ही जे बोलता तेही ऐका. चौघे मिळून ऑनलाइन खेळताना जोडीदाराला आपण ‘आपण जिंकलो’ म्हणतो आणि हरलेल्याला ‘आम्ही जिंकलो’. ऐकणारा आत आहे की बाहेर हे मराठी सर्वनामातच सांगते, इंग्रजी सांगत नाही. ‘गेम’ या शब्दाचेच पाहा. आमच्या घरात मी ‘तो गेम’ म्हणते, बहुधा ‘खेळ’च्या प्रभावाने, आणि माझा मुलगा ‘ती गेम’ म्हणतो. पण ‘वाट’चे ‘वाटा’ आणि ‘भिंत’चे ‘भिंती’ व्हावे तसे काही तो ‘गेम’चे करत नाही, ‘दोन गेम’ असेच म्हणतो. ‘टेबलावर’ आणि ‘बँकेत’ म्हणताना आपण त्या इंग्रजी शब्दांना रीतसर सामान्यरूप देतो, ‘बँका’ असे अनेकवचनही करतो. ‘गेम’ला मात्र ‘मध्ये’ जोडून वेळ निभावतो. म्हणजे तो पाहुणा अजून ओसरीवरच बसला आहे. ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’, ‘स्टेशनावर’ आणि ‘स्टेशनवर’ हे उंबरठ्यावरचे लोक. तुमच्या कार्यालयात कोण काय म्हणते याची महिनाभर नोंद ठेवलीत तर मला ती वाचायला आवडेल. नोंद ठेवताना बोलणाऱ्याचे गाव आणि साधारण वय लिहायला विसरू नका, आणि ‘मी गेली’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला ‘मी गेले’ म्हण असे सांगू नका. अनेक भागांतल्या बायका तसेच बोलतात आणि त्यांचे रूप त्यांच्या बोलीत नियमानेच आलेले असते. ‘पानी’ म्हणणारा प्रत्येक ‘ण’ चा ‘न’ करत असेल तर तो नियम तुमच्या नियमाइतकाच काटेकोर आहे.

वेळेच्या वाटणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वाचन आधी आणि खेळ नंतर ठेवा, कारण खेळून तापलेल्या डोक्याला पानावर स्थिरावायला अर्धा तास लागतो आणि उलटे करताना तसे होत नाही. व्याकरणाला वेगळा तास देऊ नका. एक वही दोन्हींच्या शेजारी असू द्या आणि दिवसाला एकच वाक्य टिपा. संगणकावर मराठी टंकलेखन येत नसेल तर इनस्क्रिप्ट ही कळफलकाची रचना शिका, पंधरा दिवसांत हात बसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक कळफलकावर काढता आला पाहिजे, नाही तर गुरुजनांना दिलेले जेवण स्वयंपाक्यांच्या पानात जाईल. लेखनाच्या नियमांसाठी मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख किंवा अरुण फडके यांच्यापैकी कोणाचेही पुस्तक पुरे आहे. तिन्ही आणाल तर त्यांच्यातले मतभेद मोजण्यात अडकाल. मी अडकले होते.

याचा पुढे उपयोग काय, असे तुमच्या आईने विचारले आहे म्हणता. भाषासंपादनाची कामे मिळतात, पण त्यांचा मोबदला हिशेबाच्या नोकरीपेक्षा कमी असतो, तेव्हा ती नोकरी सोडू नका. खेळांचे मराठीकरण करणाऱ्यांना ‘तू जिंकलास’ लिहावे की ‘तू जिंकलीस’ हे ठरवता येत नाही आणि ते ‘तुम्ही जिंकलात’ लिहून खेळणाऱ्याचे लिंग टाळतात. ही युक्ती ज्याला आपोआप सुचते असा माणूस त्यांना हवा असतो. एवढे आईंना सांगायला हरकत नाही.

या शनिवारी वहीचे पहिले पान ‘हरणे’ या धातूला द्या. ‘मी हरले’ आणि ‘आम्ही हरलो’ यांत वाद नाही. ‘आम्ही डाव हरलो’ हे माझ्या कानाला सरळ वाटते. ‘आम्ही डाव हरला’ हे मी आजवर एकदाच, एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांकडून ऐकले आहे. ते नातवाला पत्त्यांच्या डावाबद्दल सांगत होते, आणि त्यांचे गाव कोणते हे विचारेपर्यंत ते उतरून गेले.